शनिवारच्या लेकी

इंद्रनीलने सगळ्यात आधी फ्रीज आतल्या खोलीत हलवायला लावला. मग टीव्ही गेला, मग प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यापुढे जुन्या साडीचा पडदा लागला. हा ओटा कांचनने नवऱ्याच्या मागे लागून लागून करून घेतला होता. पडदा अडकवताना तिचा हात जरा रेंगाळला.

"मामी, ओटा तर बडोद्याला दांडिया बाजारात आमच्याकडेही आहे," इंद्रनील हसत म्हणाला. "तो बघायला वाघोडियाच्या पुढे इतक्या लांब कोण येणार?"

इंद्रनील हा कांचनच्या नवऱ्याच्या, सुभानरावांच्या, बहिणीचा मुलगा. बडोद्यात वाढलेला, गोड बोलणारा, कुठल्याच नोकरीत फारसा न टिकलेला. शहरातल्या तरुण पोरांना शनिवार-रविवार खेड्यात राहायला न्यायचं, शेत दाखवायचं, चुलीवरचं खाऊ घालायचं, असा उद्योग त्याने सुरू केला होता आणि त्याला 'मूळगाव' असं नाव दिलं होतं. त्यासाठी एक घर हवं होतं. मामाचं रायणपुऱ्याचं घर त्याने लहानपणापासून सुट्टीत पाहिलेलंच होतं.

सुभानरावांच्या पणजोबांना गायकवाडी चाकरीत तिथे जमीन मिळाली होती. तेव्हापासून हे एकच मराठी घर त्या गुजराती गावात राहत आलेलं. सुभानराव स्वतः वाघोडियाच्या एका कारखान्यात फोरमन होते. स्कूटरवर जाऊन-येऊन त्यांनी नोकरी केली, शेत वाट्याने कसायला दिलं, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा एरंड आणि तुरीच्या शेतीकडे वळले. अंगात कायम पँट-शर्ट. इंद्रनीलने त्यांच्यासाठी धोतर आणि लाल पागोटं आणलं.

त्यांची एकुलती मुलगी उत्कर्षा बडोद्याच्या फतेगंजमध्ये रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. पहिली मंडळी येऊन गेल्यावर दुसऱ्या शनिवारी ती गावी गेली, तर अंगणात तिचे वडील पागोटं घालून खाटेवर बसलेले, आणि भोवती तिच्याच वयाची दहा-बारा पोरंपोरी.

"आम्ही बडोद्याला बैलगाडीने जायचो," सुभानराव सांगत होते. "पहाटे निघायचं, वाटेत विहिरीवर बैलांना पाणी पाजायचं..."

"वॉव, काका," एक मुलगा म्हणाला आणि त्याने मोबाइल जवळ धरला.

उत्कर्षा फाटकाशीच थांबली. पप्पा बडोद्याला एसटीने जात आणि जागा मिळाली नाही तर वाटेत सगळ्या व्यवस्थेला शिव्या देत, हे तिला चांगलं माहीत होतं. बैल त्यांच्या दारात कधी नव्हतेच. आता गोठ्यात होते ते इंद्रनीलने भाड्याने आणलेले.

मंडळी शेताकडे गेल्यावर ती म्हणाली, "पप्पा, हे काय चाललंय? कशाला खोटं सांगता?"

"खोटं काय त्यात? माझे आजोबा जायचेच की गाडीने."

"तुम्ही नाही ना जात."

"अगं, पोरांना ऐकायला आवडतं," सुभानराव पागोटं सारखं करत म्हणाले. "कारखान्यातल्या गोष्टी तुला तरी कधी आवडल्या? मी बोलायला लागलो की तू कानात त्या वायरी घालायचीस."

ते खरं होतं.

उत्कर्षा बारावीनंतर बडोद्याला शिकायला आली ती परत गेलीच नाही. कॉलेजात कोणी विचारलं, कुठली तू, तर ती "वाघोडिया रोड" म्हणून मोकळी व्हायची. तो बडोद्यातलाच भाग, त्यामुळे पुढे कोणी काही विचारत नसे. गावाचं नाव सांगितलं की समोरच्या मुलींच्या चेहऱ्यावर जो भाव येई, तो तिने एकदाच पाहिला होता आणि तेवढं तिला पुरलं होतं. आता तशाच मुली तिच्या अंगणात अनवाणी फिरत होत्या, शेणाने सारवलेल्या जमिनीचे फोटो काढत होत्या आणि खाली 'इथेच राहावंसं वाटतंय' असं लिहीत होत्या. रविवारी दुपारी गाडी आली की सगळ्या पटापट चढत होत्या. ती सारवलेली जमीनही आधी फरशी होती. इंद्रनीलने फरशीवर माती टाकून घेतली होती.

सगळ्यात विचित्र गोष्ट तिला स्वयंपाकघरात ऐकू आली.

"आई, मी थापू का एक?"

ओवी नावाची एक मुलगी चुलीपुढे मांडी घालून बसली होती. युनिव्हर्सिटीत शिकणारी, बडोद्याचीच, हसरी. हाताला पीठ लागलेलं, कपाळावरची बट मनगटाने मागे सारत ती कांचनकडे बघत होती. कांचनने तिचा हात हातात घेऊन बाजरीची भाकरी कशी फिरवायची ते दाखवलं. धुराने कांचनचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा असा फुललेला होता की उत्कर्षा दारातच उभी राहिली.

उत्कर्षा तिला 'मम्मी' म्हणायची. बडोद्याकडच्या सगळ्याच घरांत तेव्हा तसं होतं, आणि कांचनला 'आई' म्हणणारं कोणी नव्हतं. 'मूळगाव'च्या पाहुण्यांना मात्र इंद्रनीलने गाडीतच सांगून ठेवलेलं असे, घरच्या बाईंना आई म्हणायचं.

चूल तशी मागच्या पडवीत पूर्वीपासून होती, पण ती आंघोळीचं पाणी तापवण्यापुरती. स्वयंपाक उत्कर्षाला आठवतंय तेव्हापासून गॅसवर. कांचनला लहानपणी दमा होता, म्हणून लग्न ठरतानाच तिच्या वडिलांनी घरात गॅस आहे ना, हे विचारून घेतलं होतं. आता दर शनिवार-रविवार वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, कढी, सगळं चुलीवर. दिवाळीपर्यंत तिला खोकला लागला. दिवाळीनंतर तो थांबेना.

उत्कर्षाने तिला बडोद्याला आणून छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फुंकून बघायच्या नळीत तिला फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि विचारलं, "घरात चूल पेटवता का?"

"फक्त शनिवार-रविवार," कांचन म्हणाली.

"ती बंद करा. औषधाने मी खोकला थांबवीन, पण धूर चालूच राहिला तर मग माझ्याकडे काही नाही."

परत येताना उत्कर्षा रस्त्यातच इंद्रनीलला, तिच्या इंदूदादाला, भेटली. तो दांडिया बाजारात घराखालच्या दुकानाच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "बापरे," असंही म्हणाला.

"मग पुढच्या शनिवारपासून गॅस," उत्कर्षा म्हणाली.

"थांब, थांब. चूल काढली तर राहिलं काय? शेत काय, आजवा रोडला जाताना पण दिसतं. लोक चुलीसाठी येतात. आणि आईसाठी." तो तिच्या मम्मीकडे वळला. "मामी, आपण एक करू, पडवीला मोठी खिडकी काढू. धूर निघून जाईल. चालेल ने?"

"चालेल की," कांचन लगेच म्हणाली.

"तू तुझ्या आईला बसव ना चुलीपुढे," उत्कर्षा म्हणाली.

इंद्रनीलचं हसू मावळलं. "आमच्या घरी चूल नाही, उत्कर्षा. असती तर बसवली असती. तुला गावाची लाज वाटते, म्हणून तुला त्याची किंमत नाही. तीच गोष्ट ही पोरं डोक्यावर घेतात तर तुला टोचतं."

हे बोलणं तिला लागलं, कारण अर्धं बरोबर होतं. त्या आठवड्यात ती लॅबमध्ये कोणाशी धड बोलली नाही. शुक्रवारी रजा टाकून गावी गेली. पप्पा शेतात, मम्मी दूध आणायला गेलेली. तिने गोठ्यातून कुदळ आणली आणि चूल फोडली. मातीची चूल फुटायला वेळ लागत नाही. तुकडे तिने घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकले, हात धुतले आणि आईची वाट न बघताच बडोद्याची बस पकडली. वाटेत तिला खूप दिवसांनी हलकं वाटलं. आता भांडण होईल, पप्पा रागावतील, इंद्रनील फोन करील. पण चूल नसेल.

फोन कोणाचाच आला नाही.

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून ती पुन्हा गेली. अंगणात गाडी उभी होती. मागच्या पडवीतून धूर येत होता. चूल होती तिथेच होती, ओली, काळपट, बोटांचे ठसे अजून उमटलेले. कांचनने रात्रीतून माती मळून ती पुन्हा घातली होती, आणि पुरती वाळायच्या आत पेटवली होती, म्हणून धूर नेहमीपेक्षा दुप्पट.

"मम्मी!"

कांचनने मान वर केली नाही. "हळू बोल. बाहेर पाहुणे आहेत."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना तू? पप्पांनी सांगितलं का तुला हे करायला? की इंदूदादाने?"

"कोणी नाही सांगितलं. माझी मी घातली."

"का पण?"

कांचनने तव्यावरची भाकरी उलटली, खोकल्याची उबळ आली ती पदरात दाबली, आणि मग शांतपणे बोलली. त्या बोलण्यात राग असता तर उत्कर्षाला बरं वाटलं असतं.

"तू कधी येतेस? महिन्यातून एकदा. आलीस की फोन बघतेस, जेवतेस, दुसऱ्या दिवशी निघतेस. मी केलेल्या भाकरीला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. तुझं चुकलं असं नाही म्हणत. नोकरी आहे, तुझं आयुष्य आहे. पण ह्या पोरी दर शनिवारी येतात. माझ्याजवळ बसतात. ती ओवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली मागच्या वेळी. तिच्या घरी आईवडिलांचं पटत नाही, हे तिने मला सांगितलं, कोणाला सांगितलं नव्हतं. आता मी तिला काय सांगू, की माझ्या मुलीने चूल फोडली, तू येऊ नकोस?"

"त्या पैसे देऊन येतात, मम्मी."

"मला माहीत आहे ते," कांचन म्हणाली. "मी काही वेडी नाही."

तेवढ्यात ओवी आत आली. "आई, मी काही करू?" असं म्हणून उत्कर्षाकडे बघून गोड हसली. "तुम्ही ताई ना? किती लकी आहात तुम्ही! अशी आई, असं घर! आम्ही बघा, फ्लॅटमध्ये सडतोय."

उत्कर्षाने जायला म्हणून पर्स उचलली. कोणी थांबवलं नाही.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, 'मूळगाव'ची सगळ्यात मोठी गर्दी झाली. पोरांना शहराच्या गच्च्यांचा कंटाळा आला होता, त्यांना शेतातून पतंग उडवायचे होते आणि मातीच्या मडक्यात शिजवलेलं उंधियू खायचं होतं. उत्कर्षालाही सुट्टी होती. आईचा खोकला फोनवर ऐकून ऐकून ती मुद्दाम आदल्या संध्याकाळी आली आणि जमेल तेवढं काम तिने स्वतःकडे घेतलं. तरी भाकऱ्यांना कांचन तिला बसू देईना. "तुझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही," म्हणाली. सकाळपासून दुपारपर्यंत ती चुलीपुढे होती. शेतातून पतंग कापल्याची "काप्यो छे!" अशी आरोळी उठली की तीही आतून हसायची.

दुपारी चारच्या सुमाराला ती उठायला गेली आणि भिंतीला धरूनच राहिली. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. ओठ निळे पडले. उत्कर्षाने तिला धरून अंगणात आणलं, खाटेवर बसवलं, डॉक्टरांनी दिलेल्या पंपाचे दोन फवारे तोंडात मारले. सुभानराव धोतर सावरत धावत आले आणि नुसते "कांचन, कांचन" करत राहिले. पागोटं कुठेतरी पडलं होतं.

पोरं शेतातून धावत आली. गोल करून उभी राहिली. कोणी पाणी आणलं, कोणी "डॉक्टरला बोलवा ने" म्हटलं. एकाने मोबाइल वर केला होता. उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने तो खाली घेतला.

"इंदूदादा, गाडी काढ," उत्कर्षा ओरडली.

इंद्रनीलने काढली. तेवढं त्याने लगेच केलं, हे म्हणायला हवं. पण ती आईला मागच्या सीटवर आडवी करत असताना दारापाशी एक मुलगा त्याला हळूच विचारत होता, "ब्रो, रात्री पतंगाला कंदील बांधून तुक्कल उडवायचे होते, ते आहे ना? आणि आम्ही परत कसं जायचं?" इंद्रनील त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळं अरेंज करतो, टेन्शन नको." ओवी रडत होती. तिने खिडकीतून कांचनचा हात दाबला आणि म्हणाली, "आई, मी येते हं भेटायला. रोज येते."

कांचनला बडोद्याच्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. नंतर वॉर्डात आणलं. हॉस्पिटल फतेगंजपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. युनिव्हर्सिटीपासून तर चालतही येता येईल इतकं.

पहिले दिवस मोबाइल सारखा वाजत होता. 'मूळगाव'च्या ग्रुपवर फुलं, हात जोडलेली चित्रं, 'गेट वेल सून आई', एकाने तिचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ गाणं लावून टाकलेला, त्याला शेकडो हृदयं. कांचनच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. ती उत्कर्षाला ते सगळं वाचायला लावायची, प्रत्येक नाव विचारायची. "हा तो चष्मेवाला ना? ही ती, जिला वांगं चालत नाही?" मग दाराकडे बघत राहायची. भेटायच्या वेळी ती केस विंचरून घ्यायची.

इंद्रनील एकदा फळं घेऊन आला. कांचनला म्हणाला, "मामी, लवकर बऱ्या व्हा, तुमच्याशिवाय मजा नाही." बाहेर कॉरिडॉरमध्ये उत्कर्षाला म्हणाला, "बघ, मामी आता चुलीपुढे बसणार नाहीत, ते मी समजू शकतो. पण सीझन आहे. मला नर्मदेच्या काठी एक घर मिळालंय. तिथल्या आजी आहेत, ऐंशीच्या. मस्त बोलतात. मामांना वाईट वाटायला नको, तू जरा सांगशील?"

"त्यांना दमा आहे का, विचारलंस?" उत्कर्षा म्हणाली.

तो निघून गेला. दोन दिवसांनी गोठ्यातले बैल नेण्यात आले. सुभानराव हॉस्पिटलच्या बाकावर पँट-शर्टात बसून असत आणि कोणाशी बोलत नसत. एकदा त्यांनी उत्कर्षाला विचारलं, "मी कारखान्यात असताना आमची एक मशीन बंद पडली होती, सांगितलंय का तुला?" त्यांनी ते पूर्वी पुष्कळदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "नाही, सांगा." तिला ऐकायचं होतं, पण दोन वाक्यांतच ते थांबले आणि म्हणाले, "जाऊ दे. त्यात काय आहे."

ओवी आली नाही.

रोज संध्याकाळी कांचन विचारायची, "ओवीचा काही फोन?" शेवटी उत्कर्षा स्वतःच गेली. ओवी कुठे सापडेल ते तिला तिच्या फोटोंवरून कळलं. फतेगंजच्या एका कॅफेत ती मैत्रिणींबरोबर कॉफी पीत बसली होती. उत्कर्षाला बघून तिला क्षणभर ओळख पटली नाही. मग ती उठून उभी राहिली.

"ताई! आई कशा आहेत?"

"वॉर्डात आहेत. इथून जवळच. तुझी वाट बघतात."

"अरे यार..." ओवीचा चेहरा खरंच उतरला. "मी येणारच होते. पण मला हॉस्पिटल नाही सहन होत, ताई. तो वास, त्या नळ्या. मला आई तशाच लक्षात ठेवायच्या आहेत, चुलीपुढे बसलेल्या. तुम्ही समजू शकता ना?"



"आणि ह्या वीकेंडला आम्ही नर्मदेला चाललोय," ओवीच्या शेजारची मुलगी मदतीला आल्यासारखी म्हणाली. "इंद्रनीलची नवीन जागा. तिथल्या आजी तर म्हणे इतक्या क्यूट आहेत! तुम्ही पण या ना, ताई."

ओवीने मैत्रिणीला कोपर मारलं. मग पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधलं, काही सापडलं नाही, आणि म्हणाली, "आईंना माझं खूप खूप प्रेम सांगा."

उत्कर्षा बाहेर आली. रस्त्यावर कॉलेज सुटल्याची गर्दी होती. सगळी तिच्याच वयाची किंवा तिच्याहून थोडी लहान पोरं, स्कूटरवर तिघं-तिघं, हसणारी. तिला त्यांचा फार राग यावा असं वाटत होतं, पण येत होता तो पुरेसा नव्हता. त्यातला बराचसा दुसरीकडेच जात होता. मागच्या दोन वर्षांत आपण गावी किती रात्री राहिलो, हे तिने आठवून पाहिलं आणि मध्येच सोडून दिलं.

वॉर्डात कांचन उशाला टेकून बसली होती. केस विंचरलेले, साडीचा पदर नीट घेतलेला.

"भेटली?" तिने विचारलं. उत्कर्षा कुठे गेली होती, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"हो," उत्कर्षा म्हणाली. "तिची परीक्षा चालू आहे, मम्मी. संपली की येते म्हणाली. खूप आठवण काढत होती."

कांचनने तिच्याकडे पाहिलं. उत्कर्षाने नजर औषधांच्या बाटल्यांकडे वळवली.

"अभ्यास करू दे तिला," कांचन म्हणाली. "उगाच बोलवू नकोस."

"मी राहते आज तुझ्याजवळ. उद्याही रजा टाकलीये."

"नको. पप्पा आहेत." तिने कूस भिंतीकडे वळवली. "तू जा. तुला सकाळी ड्यूटी असेल."